तिच्या गोळ्या

"गोळी परत वाढवली?" फार्मासिस्टने चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली आणि पाकीट हातातच ठेवलं.

खिडकीपलीकडे म्हातारी मान खाली घालून उभी होती. तिचं बीपी काही केल्या उतरत नव्हतं. शेजारी नवरा, कपाळाला पट्टी. चक्कर येऊन पुन्हा जिन्यात पडला होता. त्याला टाके घालणारे डॉक्टर वेगळे, तिचे डॉक्टर वेगळे. त्याच्या मलमपट्टीची आणि तिच्या गोळ्यांची चिठ्ठी मात्र याच एका खिडकीत यायची.

"आजोबा, तुम्ही कुठली औषधं घेता?"

"मी? जन्मात गोळीला शिवलो नाही." म्हातारा तसल्या पट्टीतही ऐटीत म्हणाला. "दवाखान्याची पायरी चढतो ती हिच्यापायी."

फार्मासिस्ट बाहेर आली आणि तिने त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. आकडा पाहून परत एकदा मोजलं. मग म्हातारीचं मोजलं. गोळ्या हिच्या नावावर, आणि बीपी उतरलं होतं त्याचं. तेही नको इतकं.

तिने त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हातारीला आत, औषधांच्या खोक्यांमध्ये नेलं.

"आजी, तुमच्या गोळ्या कोण घेतं?"

म्हातारीने आधी दाराकडे पाहिलं.

"त्यांची भाजी बिनतिखटाची, वेगळी असते. त्यात कुटून घालते." ती कुजबुजली. "थोरले दीर असेच मिजाशीत राहिले आणि अर्धं अंग लुळं पडून गेले. मागं यांचंही बीपी वाढलेलं निघालं होतं. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येतात. हातावर हात धरून बसू?"

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय!"

फार्मासिस्टला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. डॉक्टर डोस वाढवत गेले, तसतसा हा माणूस कोसळत गेला होता. "आजी, आज जिना होता. उद्या भर रस्त्यात पडले तर?"

"म्हणजे गोळीनेच पडत होते?" म्हातारीने विचारलं.

फार्मासिस्टने म्हातारीच्या डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "दोघांनाही पाठवा. एकत्रच."

पण त्याआधी म्हाताऱ्याला सांगायला हवं होतं. म्हातारी हात जोडू लागली. "मला उभी चिरतील हो ते."

शेवटी फार्मासिस्टच त्याच्याजवळ बाकावर बसली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. म्हातारी दाराची चौकट धरून उभी होती. आता आवाज चढेल, मग चढेल.

म्हाताऱ्याने कपाळावरची पट्टी चाचपली.

"म्हणून भाजी कडू लागायची होय," तो म्हणाला. "मला वाटलं, हिच्या जिभेची चवच गेली. हिला कळलं तर खचेल, म्हणून रोज भांडं पुसून खात होतो."