वळणावर बंद पडणारी गाडी

शाळेच्या वळणावर गाडीने आचके दिले, खोकली आणि बंद पडली. नेहमीच्याच जागी.

"बरं बाई, तुझंच खरं," असं गाडीला म्हणून ती उतरली आणि ढकलायला लागली. पन्नाशी उलटलेली बाई जुनी मोटरसायकल ढकलते आहे, हे दृश्य त्या रस्त्याच्या आता अंगवळणी पडलं होतं. मिस्त्रीचं दुकान वळणाच्या पुढेच होतं. गाडी निदान बंद पडायची जागा तरी शहाणपणाने निवडत होती.

मिस्त्रीने दुकान टाकून अजून वर्ष झालं नव्हतं. ती दिसताच त्याने कपाळाला हात लावला.

"मावशी, परत?"

"परत."

"पेट्रोल पोचत नाही, एवढं नक्की. पण का?" तो गाडीपाशी उकिडवा बसला. "पाइप नवा घातला. गाळणी साफ केली. कार्बोरेटर धुतला. झाकणाचं भोक बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही, तेही बघितलं. आता हिला दुखतंय तरी कुठे?"

"माझा भाऊ म्हणतो, म्हातारपण आहे. त्याला औषध नाही."

ती हसत म्हणाली. पुन्हा बंद पडली तर गाडी विकायची, असं तिने भावाला कबूल केलं होतं. भाऊ वाईट नव्हता. तिच्या भल्याचंच बोलायचा, म्हणून तर त्याच्यापुढे तिचं काही चालत नसे. "ताई, गाडी पेट्रोलवर चालते, आठवणींवर नाही," तो म्हणाला होता. मग आवाज खाली आणून, "आणि पुढच्या खोलीचंही काहीतरी बघ. किती दिवस उठबस करणार आहेस? मी त्यांच्यासाठी चांगली जागा बघून ठेवली आहे."

पुढच्या खोलीत पाहुणे असत. मोठे सभ्य गृहस्थ. खुर्चीशेजारी पिशवी भरून ठेवलेली. चहा दिला की अर्धे उठून उभे राहत. रोज संध्याकाळी न चुकता म्हणत, "बाई, फार त्रास दिला तुम्हाला. उद्या निघतो." आणि ती म्हणे, "राहा की अजून एक दिवस." त्यांना हाकलायचं तिच्या जिवावर येई. रिकाम्या घरापेक्षा पाहुणे बरे.

मिस्त्रीने पाइपाकडे हात नेला आणि मध्येच थांबला.

"मावशी, तुम्ही कॉकला हात लावलात?"

"कसल्या?"

"हा टाकीखालचा. पेट्रोल सोडायचा, बंद करायचा." त्याने मांडीवर थाप मारली. "अहो, हा बंद आहे! पाइप काढायच्या आधी माझा हात सवयीने कॉक बंद करतो. तो आधीच बंद होता हे लक्षातच आलं नाही. जोडताना उघडायचो, गाडी चालू व्हायची, आणि मला वाटायचं, मीच दुरुस्त केली! कार्बोरेटरमध्ये साठलेल्या पेट्रोलवर तुम्ही वळणापर्यंत येता. तिथे ते संपतं. गाडीला काही झालेलं नाही."

"हा आमचे हे बंद करायचे," ती पुटपुटली. नाव ठाऊक नसलं, तरी तो कॉक तिला चांगला माहीत होता. नवरा गाडी लावली की आधी तो बंद करायचा आणि पाठ थोपटावी तशी टाकी थोपटायचा. गाडी तिने लावली असेल, तर पुन्हा बाहेर जाऊन स्वतः बंद करायचा, सकाळी ती निघायच्या आत उघडूनही ठेवायचा. आणि वर सगळ्या गल्लीला ऐकवायचा, "आमची ठमी शंभरदा सांगितलं तरी विसरते!" तेव्हा तिला त्या नावाचा काय राग यायचा! आता ती एक हाक ऐकायला मिळाली असती, तर तिने असल्या दहा गाड्या ओवाळून टाकल्या असत्या.

"काका फार जपायचे वाटतं गाडीला," मिस्त्री हळूच म्हणाला.

"जिवापाड."

त्याने काकांबद्दल जास्त विचारलं नाही. "पण मग बंद करतंय कोण? घरात अजून कोण आहे?"

"मी आणि पाहुणे."

"मग त्यांनाच विचारा."

"त्यांना स्वतःच्या चपला सापडत नाहीत, मिस्त्री," ती म्हणाली. पण घरी जाताना तिने गाडी जोरात हाकली.

तिने दारात गाडी लावली. कॉक मुद्दाम उघडा ठेवला. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीशी उभी राहिली. आधण उकळून आटायला लागलं तरी तिला भान नव्हतं.

पाहुणे पायरी उतरून आले. हातात पिशवी. रस्त्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले, कुठल्या बाजूला जायचं ते ठरत नसावं. मग गाडीकडे वळले. पिशवी खाली ठेवली. डावा हात न बघता टाकीखाली गेला आणि कॉक फिरला. मग त्यांनी टाकी थोपटली.

ती बाहेर आली.

"पाहुणे, तो कॉक तुम्ही बंद केलात?"

त्यांनी चटकन हात मागे घेतला. "माफ करा हं, बाई. परक्याच्या वस्तूला हात लावू नये. पण उघडा राहिला की पेट्रोल ठिबकतं." मग ओशाळं हसले. "सवय हो. घरी मलाच बघावं लागतं. उद्या मात्र निघतोच, ती वाट बघत असेल. आमची ठमी... शंभरदा सांगितलं तरी विसरते."