तोंडी भाव

लॉकडाऊनमध्ये ढाणकीचा गुरांचा बाजार बंद पडला, सरकीच्या ढेपेचं दुकानही बंद, आणि विकायला पोसलेला हेला, म्हणजे रेडा, किसनसिंगच्या डोळ्यांदेखत वाळत चालला. महिनाभर त्याचा पाय घरात ठरत नव्हता. शेवटी तोंडाला रुमाल बांधून व्यापारीच तांड्यावर आला.

दरसालसारखी त्याची बायको हंसाबाई नवी घुंगुरमाळ घेऊन अंगणात आली. विकलेला हेला दूरच्या गावी नांगराला जातो, असं नवऱ्यानं तिला सांगितलं होतं. गळ्यात माळ बांधल्याबिगर ती कुठल्याच हेल्याला पाठवत नसे.

किसनसिंगनं सवयीनं दुपट्ट्याखाली हात पुढं केला. तिथं बोटांनीच भाव ठरायचा, बाजूच्याला काही कळायचं नाही.

व्यापारी मागं सरला. "हात नको भाऊ, बीमारी चालू हाय. तोंडानंच बोला."

"तू जाय, चाय मांड," किसनसिंग बायकोला म्हणाला. ती हलली नाही.

"याच्या अंगावर कायी राह्यलंच नाही," व्यापारी लांबूनच ओरडला. "मांस किती निघन सांगा, त्या हिशेबानं भाव देतो."

किसनसिंग मान खाली घालून दुपट्टा झटकत राहिला.

हंसाबाईनं हातातल्या माळेकडं पाहिलं.

 

"मंग इतक्या सालाच्या माह्या माळा कुठी गेल्या?"