दावं

घोडेगावच्या बाजारात आसारामनं नुकताच बैल विकला होता, तेवढ्यात पोलीस ठाण्यातून फोन आला. रिकामं दावं खांद्यावर टाकून तसाच धावला. जनावर विकलं तरी दावं घेणाऱ्याला द्यायचं नसतं; घरची लक्ष्मी त्यात असते. ठाण्यात त्याचा अंगद मान खाली घालून बसला होता. नोकरीच्या ईमेलला भुलून पोरगा परदेशात गेला, तिथं एजंटानं त्याला ठकांच्या टोळीला विकलं, आणि टोळीनं मारून मुटकून त्याच्याकडूनही तसलेच ईमेल पाठवून घेतले. सरकारनं त्याला कालच सोडवून आणलं होतं. "म्याडम, ह्याला आत टाकनार का?" आसारामनं इन्स्पेक्टरबाईंना विचारलं. "नाही काका. हा आमचा साक्षीदार. ह्याच्याच जबाबावरून त्या टोळीला धरायचंय." आजवर कुणालाच न दिलेलं दावं आसारामनं त्यांच्या टेबलावर ठेवलं. "इकनाऱ्यानं पोरगं इकलं, म्याडम, पन त्याचं दावं तुमी सोडलं न्हाई."