बाहेरचे तज्ज्ञ

हिशेबशास्त्राच्या बाईंच्या बढतीची मुलाखत होती. दहा वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष त्यांनी एका दमात सांगितला, "जिथे अध्यक्ष आपल्याच मर्जीतले संचालक नेमतात, तिथे खोट्या ताळेबंदावरही कोणी तोंड उघडत नाही."

"काहीतरीच काय, बाई!" समितीतले बाहेरचे तज्ज्ञ उसळले. ते प्राचार्यांचे सख्खे मेहुणे, नेमलेही प्राचार्यांनीच. "ज्यानं नेमलं त्याच्यापुढे माणूस काय मूग गिळून बसतो? असल्या संशोधनावर बढती? माझा साफ विरोध आहे!"

प्राचार्य नुसते खाकरले. "मेहुणेबुवा, बढती द्यायची ठरलीय."

तज्ज्ञांनी पेनाचं टोपण काढलं.

"सही कुठे करायची?"