काचेमागचा माणूस

सशांनी कुरणं फस्त केली की न्यूझीलंडमधल्या ओटागोचे मेंढपाळ फर्गसच्या बंदुकांच्या दुकानात येत. आज एक अनोळखी माणूस आला होता. फर्गसने बंदुकीवर बसवायच्या, अंगाची ऊब टिपणाऱ्या दोन दुर्बिणी त्याच्यापुढे ठेवल्या.

"लहान भिंगातून रुंद दिसतं, मोठ्यातून लांबचं. अंधारातही ससा दिव्यासारखा चमकतो बघ."

माणसाने मोठ्या भिंगाची उचलली. "यातून गाडीच्या बंद काचेमागचा माणूस दिसतो?"

"छे रे बाबा! काच ऊब अडवते. भिंग कितीही मोठं घे, पलीकडचं काही दिसायचं नाही."

माणसाने दुर्बीण अलगद खाली ठेवली. फोन लावून तो फर्गसपुढे धरला.

"एवढंच माझ्या वहिनीला सांग. तिला वाटतं, मी चिक्कूपणा करून लहान भिंग घेतलं, म्हणून सशावर गोळी झाडताना गाडीतला दादा मला दिसला नाही."