कमरेचं सर्टिफिकेट

“या वेळी टाकीत सुळकन उतरतो की नाही बघ!” आमचे प्लंबर भाऊजी गच्चीवर छाती फुगवून म्हणाले. मागच्या वर्षी याच टाकीच्या तोंडात ते कमरेपाशी अडकले होते. चौघांनी तेल लावून ओढून काढलं, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी गुरकावले, “पुन्हा अडकलात तर काम दुसऱ्याला!” भाऊजींनी मनावर घेतलं. रोज पहाटे धावणं, दोरीवरच्या उड्या, तळलेलं बंद, साखर बंद. पोट खरंच उतरलं. ताई म्हणाली, “अहो, पँट तरी अल्टर करून घ्या.” “वेडी की काय? ही सैल पँट म्हणजे माझं सर्टिफिकेट!” आज ते सगळ्यांदेखत एका हाताने पँट धरून सुळकन आत उतरले. सेक्रेटरींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी आतून दोन्ही हात उंचावले. पँट घसरली, पायांतून सुटली, टाकीतल्या पाण्याबरोबर तळाच्या पाईपात शिरली आणि कमरेपाशी अडकली. इमारतीचं पाणी बंद.