पांढऱ्या बुरुजापाशी ठेवलेली पर्स

"आई, पर्स खांद्याला लाव. कोणीतरी उचलेल."

आईने आत्ताच पाठवलेल्या फोटोत थेसालोनिकीचा पांढरा बुरूज होता, मागे ग्रीसचा संध्याकाळचा समुद्र. आई, म्हणजे शोभनाबाई, पार कडेला उभी होती आणि तिची तपकिरी पर्स शेजारच्या कठड्यावर ठेवलेली. इकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूत, सकाळचे आठ वाजले होते. आश्लेषा कॉफी घेऊन स्वयंपाकघरात उभी होती.

"माझं लक्ष असतं पर्सकडे," आई फोनवर म्हणाली.

"आणि जरा मधे उभी राहत जा. आधीच्या फोटोंतही तेच, कमानीखाली कडेला, रोटुंडाच्या गोल इमारतीपाशी कडेला. वर्गात शिक्षा झाल्यासारखी!"

"तुझ्या ऑफिसला तुला चार दिवस सोडवत नाही. मी कुठे उभं राहायचं ते तरी मला ठरवू दे."

आश्लेषा हसली. मग घाईने फोन ठेवला.

मूळ बेत दोघींचा होता. आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. सिकंदराच्या सावत्र बहिणीचं नाव मिळालेलं हे बंदर तिला पाहायचं होतं. ती पुण्याहून टूरबरोबर येणार, आश्लेषा अमेरिकेतून. अर्ध्या वाटेवर भेट. रजाही मंजूर झाली. मग कंपनीच्या वकिलाने सांगितलं, ट्रॅव्हल करू नका. तिच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपला होता; तिथे राहून काम करायला हरकत नव्हती. पण देशाबाहेर पाऊल टाकलं, तर परत यायला नवा शिक्का हवा, आणि तो मिळेलच असं कोणी म्हणत नव्हतं. नोकरी, घर, बारा वर्षं. तिने आईला कळवलं, रजा कॅन्सल झाली. तेव्हापासून कुरिअरवाल्याने दार वाजवलं तरी, इमिग्रेशनवाले आले की काय, म्हणून ती दचकायची.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फोन वाजला. टूर लीडर केदारचा.

"ताई, आधी बसा."

काकू दुपारी हॉटेलात आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही येणार, की कागदांवर सही करून पाठवणार?" केदारने हळूच विचारलं. "दोन्ही चालतं."

आई गेली होती, आणि आश्लेषाच्या डोळ्यांसमोर आधी आली ती परतीच्या विमानतळावरची, पासपोर्ट तपासणीची काचेची खिडकी. त्या खिडकीपेक्षा तिला स्वतःची भीती वाटली.

"काकूंची पर्स माझ्याकडे आहे," केदार म्हणाला. "रोज फोटोला तेच, ताई. मला कडेला घे, शेजारी पर्स दिसू दे. मी म्हटलं, काकू, हे काय नवीन? तर म्हणाल्या, एस.टी.त रुमाल टाकून जागा धरत नाहीत का? लेक घाबरलीय सध्या. पुढेमागे येईल."

फोन ठेवून तिने कालचा फोटो उघडला. बुरूज, समुद्र, कडेला आई. मधे पर्स.

तिने ड्रॉवरमधून पासपोर्ट काढला. रिकाम्या स्वयंपाकघरात ती मोठ्याने म्हणाली, "आई, रजा होती. मीच घाबरले होते. आता पर्स उचल, मी येतेय."